विहिरीजवळचे सात शॉट

प्रमोदिनीताईंनी आयुष्यभर पोरांकडून पाढे म्हणून घेतले आणि बासष्टाव्या वर्षी त्या सिनेमात हडळ झाल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तळेगावच्या हौशी नाटकमंडळीत त्या अधूनमधून उभ्या राहायच्या. तिथंच धवलनं त्यांना पाहिलं. धवल लोणावळ्याचा, तिशीतला, सहा मित्र गोळा करून स्वतःचा भुताचा सिनेमा काढायला निघालेला. गोष्ट साधीच होती. वाळवंटात एक ओसाड वस्ती, वस्तीत एक विहीर आणि विहिरीच्या काठावर बसून वाटसरूंना हाका मारणारी एक म्हातारी.

"तुम्हाला मेकअप फारसा लागणारच नाही," असं तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. ताई खळखळून हसल्या आणि हो म्हणाल्या.

जानेवारीत सगळे जैसलमेरच्याही पुढं जाऊन अकरा दिवस राहिले. वस्ती खरीच ओसाड होती. पंधरावीस वर्षांपूर्वी माणसं उठून गेलेली, छपरं खाली आलेली, विहीर तेवढी शाबूत. जीपचा ड्रायव्हर तिथलाच. पण तो विहिरीकडं फिरकला नाही, भाकरीसुद्धा जीपमध्ये बसून खायचा. विहिरीजवळचे सात शॉट एकाच दिवसात उरकले. ताईंना त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की घसा सारखा कोरडा पडत होता. बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या केल्या तरी जिभेवर खारट चव तशीच. आणि प्रत्येक शॉट संपला की धवल का टाळ्या वाजवतोय हे कळायला त्यांना क्षणभर वेळ लागायचा, झोपेतून उठल्यासारखा.

वाऱ्यानं तिथला सगळा आवाज खराब केला होता, म्हणून संवाद पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. कुसगावात एका बंगल्याची मागची खोली महिनाभर घेतली आणि भिंतींना गाद्या लावल्या. यशोधरा आवाजाचं काम बघायची. ती वराळ्याची, कामाला वाघीण, बोलायला मोजकी. पडद्यावर चित्र चालायचं, नट ओठांकडं बघत आपलं वाक्य म्हणायचा. बाकीच्यांचं डबिंग दोन दिवसांत झालं. ताईंचं मात्र विहिरीपाशी येऊन अडलं.

संवाद होता, "ये बाळा, बस. पाणी पिऊन जा." ताईंनी तो वीसेक वेळा म्हटला. एकदाही बसेना. तोंड उघडायचं तेव्हा त्यांचे पडद्यावरचे ओठ मिटलेले, मिटायचं तेव्हा उघडे.

"चित्र मागंपुढं झालंय का?" धवलनं विचारलं.

"बघितलं मी," यशोधरा म्हणाली. "वाऱ्याखाली तिथला मूळ आवाज बारीक ऐकू येतो. ताई स्क्रिप्टमधलंच बोलल्यात. पण ओठ ते बोलत नाहीयेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

दुपारी यशोधराची आई डबा घेऊन आली. हिराबाई त्यांचं नाव. बावीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करून त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलणं समजून घ्यायच्या, टीव्हीवरच्या मालिकाही तशाच बघायच्या. आत येऊन त्यांनी डबा ठेवला आणि पडद्याकडं बघत उभ्याच राहिल्या. तोच शॉट पुन्हापुन्हा फिरत होता.

"कुनाला वळख इच्यारती ही?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं.

यशोधरा वळली आणि तोंड त्यांच्यासमोर धरून सावकाश म्हणाली, "आई, ती काय म्हणते?"

"म्हनती, बाई, वळखलं का?"

बाहेर द्रुतगती मार्गावरून ट्रक जात होते, त्यांची घरघर गाद्यांमधूनही येत होती. ताईंनी संवादाचा कागद खाली ठेवला. निवृत्तीनंतर तळेगावात त्यांना कुणी काकू म्हणायचं, कुणी ताई, कुणी मॅडम. 'बाई' म्हणणारी ती शाळेतली पोरंच.

"पुढचा लाव," धवल हळूच म्हणाला.

दुसऱ्या शॉटला हिराबाईंनी डोळे बारीक केले. "बैना... पैना... प, ब, म समदं ओठावर सारखंच दिसतंय बघा. मैना. व्हय, मी मैना, आसं म्हनती." तिसऱ्याला त्या अडखळल्या. "पोरबाळ... पोरबाळाचं कायतरी हाय."

"पोरबाळ नाही," प्रमोदिनीताई म्हणाल्या. त्या इतक्या ओठातल्या ओठात बोलल्या, की यशोधराला ते आपल्या आईला पुन्हा सांगावं लागलं. "बोरमाळ. पवना धरणाच्या वर वाडी आहे. मी तिथं होते शाळेवर."

उरलेल्या शॉटपैकी तीन हिराबाईंनी असेच वाचले. 'पानी खारं हाय हितलं.' 'आई वाट बघत आसंल.' 'मला कुनी हाक मारत न्हाई.' शेवटचा, सातवा शॉट लागला तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी पडद्यावरून नजर काढून ताईंकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये न्हाई कळलं मला."

कळलं होतं. ताईंना त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं. आणि हिराबाईंनी सांगायची गरजही नव्हती. ओठ आपलेच, ते काय बोलतायत हे एव्हाना ताईंनाही वाचता येत होतं.

त्या आठवड्यात प्रमोदिनीताई कुसगावला गेल्या नाहीत. तब्येतीचं निमित्त सांगितलं. घरात आरशासमोर उभं राहवेना. दात घासताना ओठ हलले तरी आपण काय बोललो अशी धास्ती वाटायची. मैना सारखी नजरेसमोर येत होती. तेरा वर्षांची, सातवीतली, दोन वेण्या, बोलताना मान खाली. भूगोलाच्या तासाला तिनंच एकदा विचारलं होतं, "बाई, वाळवंटात मान्सं पानी कुटलं पित्यात?" उत्तर काय दिलं होतं, ते काही केल्या आठवेना.

एकोणीसशे पंच्याण्णव साल होतं. मैनाचा बाप एका पांढऱ्या कपड्यातल्या परक्या माणसाला घेऊन शाळेत आला. पोरीचं लग्न ठरलंय, लांब, राजस्थानात. चांगलं घर आहे, हुंडा नाही. दाखल्यावर वय तेवढं अठरा लागतंय. ताई आधी नाही म्हणाल्या. मग सरपंचाचा निरोप आला. ताई तेव्हा तेहतीस वर्षांच्या. रोज दीड तास चढून शाळेत जायच्या, घरी वर्षाचं मूल, आणि त्यांच्या बदलीचा अर्ज पुढं सरकायचा तो त्याच सरपंचाच्या शब्दावर. त्यांनी दाखला लिहिला. जन्मसालात पाच वर्षं मागं गेल्या. लिहिताना मैना दारात उभी होती. पुढच्या जूनमध्ये ताई सोमाटण्याजवळच्या शाळेवर रुजू झाल्या. त्यानंतर मैनाचं काय झालं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

आठव्या दिवशी त्यांनी यशोधराला फोन केला. "मला बोरमाळला जायचंय. ते सात शॉट घेऊन. आणि तुझ्या आई येतील का?"

यशोधरानं का, कशाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन दारात हजर होती, मागं हिराबाई बसलेल्या. वाटेत पवना धरणाच्या काठानं तंबूंच्या रांगाच रांगा लागल्या होत्या, शनिवारची गर्दी. वर बोरमाळला मात्र सोळा घरं, त्यातली नऊ बंद. शाळेच्या दाराला कुलूप होतं, आत गवताच्या पेंढ्या रचलेल्या.

मैनाची आई चांगुणाबाई अजून होती. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत. तिनं ताईंना लगेच ओळखलं.

"बाई! तुमी हुय? या, बसा."

ताई ओसरीच्या कडेला बसल्या. मग त्यांनी विचारलं, "मैनाचं काही कळलं होतं का हो, नंतर?"

म्हातारीनं पदरानं ओसरी झटकली, आधीच स्वच्छ असलेली. "दीड वरसानं पत्र आलं हुतं. तापात गेली म्हून. ह्यांनी चुलीत घातलं आन् म्हनले, कुनापाशी बोलायचं न्हाई, नाव काढायचं न्हाई. मान्सं काय म्हनतील. मंग न्हाई काढलं नाव."

"इतक्या वर्षांत?"

"मनात घेते. तोंडानं न्हाई."

यशोधरानं लॅपटॉप ओसरीवर ठेवला. ऊन पडू नये म्हणून वर चादर धरली आणि चौघी त्या चादरीखाली बसल्या. म्हातारीला यातलं किती समजेल याची ताईंना खात्री नव्हती. पडद्यावर वाळू, विहीर आणि ताईंचाच चेहरा. आवाज बंद ठेवला होता.

"ह्या तुमीच की, बाई," चांगुणाबाई म्हणाली. मग ती पुढं सरकली. "आन् ही खाली घातलेली मान कुनाची?"

हिराबाईंनी वाचायला सुरुवात केली. एकेक शॉट, एकेक वाक्य, त्या मोठ्या सपाट आवाजात. बाई, वळखलं का. मी मैना. बोरमाळ. पानी खारं हाय हितलं. आई वाट बघत आसंल. चांगुणाबाईचा हात तोंडावर गेला होता. मला कुनी हाक मारत न्हाई, हे ऐकल्यावर तिनं डोळे मिटले.

सातवा शॉट आला. हिराबाई गप्प राहिल्या. त्यांनी ताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वाट बघितली. चादरीखाली उकाडा झाला होता. पडद्यावर ताईंचे ओठ हलून थांबले. यशोधरानं शॉट पुन्हा लावला. पुन्हा हलून थांबले.

"ती म्हणते," प्रमोदिनीताई म्हणाल्या, "वरीस तुमी लिवलंत, बाई." आणि मग त्या थांबल्या नाहीत. दाखला, जन्मसाल, सरपंचाचा निरोप, बदली, सगळं सांगितलं. मैना दारात उभी होती हेही सांगितलं.

चांगुणाबाई चादर बाजूला करून उन्हाकडं बघत बसली.

"दाखला तुमी लिवलात," शेवटी ती म्हणाली. "आंगठा ह्यांनी दिला. आन् तिला वेनी घालून, लुगडं निसवून म्या धाडली. रडत हुती तर म्याच गप म्हनले." ती भिंतीला धरून उठली. यशोधरा आधार द्यायला गेली, तिनं हात बाजूला केला. अंगणाच्या कडेला, जिथून उतार सुरू होतो तिथं जाऊन ती उभी राहिली आणि त्या वाकलेल्या देहातून अशी हाक निघाली, की शेजारच्या घरातली बाई दारात आली.

"मैनेऽऽ! ये गं घरी! लय उशीर झाला, ये!"

तीनदा हाक मारली. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला, मग तोही विरला. म्हातारी ओसरीवर आली, माठातलं पाणी पेल्यांत ओतलं आणि तिघींना दिलं. ताईंना ते घशाखाली उतरवताना जड गेलं, पण त्यांनी पेला रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धवलचा फोन आला. त्याचा श्वास लागला होता. "ताई, तुम्ही या. मी काही केलेलं नाही, फाइलला हातही लावलेला नाही. ओठ जुळतायत."

ताई गेल्या. पडद्यावरची म्हातारी म्हणत होती, ये बाळा, बस, पाणी पिऊन जा. अक्षर न् अक्षर. सहाही शॉट पहिल्याच फटक्यात डब झाले. हिराबाई शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक शॉटला त्या मान हलवायच्या, की बरोबर, हेच म्हणते. सातवा लागला आणि त्यांची मान हलायची थांबली.

तो बदलला नव्हता.

"काढून टाकू," धवल म्हणाला. "सहांत भागेल माझं."

"नको," ताई म्हणाल्या. "राहू दे. आवाज मात्र कुठलाच घालू नकोस."

त्याच महिन्यात त्यांनी शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन आपल्या हातानं लिहिलेला कबुलीजबाब दिला. तिथल्या साहेबानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, बोरमाळच्या शाळेचं दप्तर ओलीनं कधीच गेलं. मी हे कशाला जोडू?" तरी त्यांनी पोच मागून घेतली. कबुलीजबाबात त्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचं नाव मात्र नव्हतं, ते चांगुणाबाईलाही माहीत नव्हतं.

सिनेमा पावसाळ्यानंतर लोणावळ्यात एका छोट्या सभागृहात दाखवला. मग पुण्यात, मग आणखी दोनतीन गावांत. लोकांना आवडला. संपल्यावर माणसं ताईंभोवती जमतात, फोटो काढतात, आणि बहुतेक ठिकाणी कुणीतरी विचारतंच, "ताई, तो शेवटचा विहिरीजवळचा शॉट, जिथं आवाजच नाही, तिथं ती म्हातारी काय म्हणते हो?"

ताई त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवतात आणि पंच्याण्णव सालापासून सांगायला लागतात. काही जण ऐकतात. काही जण मध्येच उठून जातात, त्यांना ताई अडवत नाहीत. सांगताना त्यांचा घसा कोरडा पडतो, पण सगळं सांगून होईपर्यंत त्या पाणी मागत नाहीत.