बिल्टी टोपीत, पाळणा गोदामात

मी पाळणा बोलतोय. साधासुधा नाही, संखेड्याचा. गुजरातेतल्या त्या गावात सागाचं लाकूड कातून गोल करतात, त्यावर लाखेचा लाल रंग चढवतात आणि वर सोनेरी वेलबुट्टी काढतात. माझे चारही खांब असे घडले आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी शोभा झाली ती ऐकून तुम्ही मला भंगारातला समजाल.

संखेड्याहून मी बडोद्याच्या एका दुकानात आलो. तिथे दोन महिने नुसता टांगलेला होतो. येणारा जाणारा मला एक झोका देऊन जायचा. घ्यायचं कुणी नाव काढत नव्हतं. मग १९९७ च्या मार्गशीर्षात एक तरुण घाईघाईने आला आणि भाव न करता मला घेतलं. दुकानदाराला त्याचा संशयच आला.

हा संतोष. बडोद्याला कारखान्यात नोकरीला, मूळचा नाशिकजवळच्या मखमलाबादचा. तिथे त्याच्या वडिलांचा भाजीचा मळा. त्याची बहीण प्रतिभा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता.

दुकानदार म्हणाला, "मग पाळणा आधीच घेऊन ठेवायचा ना. आता बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे किती घाई."

"आमच्यात बाळ होण्याआधी पाळणा घरात आणत नाहीत," संतोष म्हणाला. "त्यात नऊ वर्षांनी झालेलं. आईने तर झबल्याचं कापडसुद्धा आणू दिलं नव्हतं."

आता माझ्या लक्षात आलं, मामला नाजूक आहे. पहिल्या नातवाचा पाळणा आईच्या माहेरचा असतो. प्रतिभाची सासू रंगूबाई चांदवडहून चार माणसं घेऊन बारशाला येणार होती, आणि या बाईने नऊ वर्षं सुनेला काय काय ऐकवलं ते अख्ख्या चांदवडला ठाऊक होतं. म्हणून प्रतिभाने वडिलांकडे एकच मागितलं होतं. बारसं पाळण्यातच व्हावं. झोळी नको, कुणाचा मागून आणलेला नको. बाप म्हणाला होता, "होईल, बाई."

संतोषने माझे भाग सुटे केले, पेंढा घालून गोणपाटात शिवले आणि मला ट्रान्सपोर्टला टाकलं. पाठवायच्या कागदावर माल लिहिला 'संखेड्याचा नवा पाळणा' आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलं 'सेल्फ'. व्यापारी असंच लिहितात. म्हणजे ज्याच्या हातात बिल्टी, तो माल सोडवून नेईल. बिल्टी म्हणजे माल सोडवायची पावती. ती त्याने कुरिअरने बापाकडे धाडली आणि घरी फोन करून निरोप दिला की पाळणा बाळाच्या चौथ्या दिवशी नाशकात पोचेल.

आणि मी पोचलो, बरं का. चौथ्या दिवशी सकाळी पोचलो. याबाबतीत माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही.

मुंबई-आग्रा रोडवरचं ते गोदाम. तिथला कारकून कारभारी नावाचा, देवळ्याकडचा माणूस. स्वभावाने चांगला, पण बसल्या जागेवरून उठायचा आळस. त्याच्या खुर्चीशेजारी टेबल मोडलं होतं, म्हणून त्याने मला तिथे आडवा ठेवला आणि माझ्यावर रजिस्टर, पानाची चंची आणि जेवणाचा डबा मांडला. संखेड्याचा पाळणा, आणि त्याच्या छाताडावर लसणाच्या चटणीचा डबा.

पाचव्या दिवशी दुपारी एक म्हातारा दारात आला. पांढरी टोपी, धोतर, काखेत मेथीची जुडी. हे सावळीराम, प्रतिभाचे वडील. मला काय ठाऊक. मला वाटलं, भाजीवाला.

"राम राम साहेब."

"राम राम. या बाबा, बसा. काय काम काढलं?"

"काम काय नाय. मार्केटला आलतो, म्हटलं सहज भेटावं."

इथेच तर घोडं पेंड खातं. मी आता या माणसांत राहून ही तऱ्हा ओळखायला शिकलोय. यांच्यात कुणाच्या दारात जाऊन पहिल्या वाक्याला काम सांगणं म्हणजे उद्धटपणा. आधी पाणी, मग चहा, मग पाऊसपाणी, मग समोरच्याची गुरंढोरं, आणि उठता उठता, जोडे घालताना, सहज आठवल्यासारखं काम. समोरच्यानेही ओळखून घ्यायचं असतं. पण गोदामात रोज शंभर माणसं येतात, कारभारीला ही ओळखण्याची सवय राहिली नव्हती. त्याला वाटलं, मालकांच्या गावचा कुणी असेल. त्याने चहा मागवला.

चहा आला. सावळीरामांनी कपबशी माझ्यावर ठेवली. ज्या पाळण्यासाठी माणूस मखमलाबादहून सायकल मारत आला, त्याच पाळण्यावर बशी टेकवून तो फुर्रफुर्र चहा प्याला. बोलणं मेथीवर गेलं, मेथीवरून थंडीवर, थंडीवरून कारभारीच्या आईच्या गुडघ्यांवर. त्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधावा असं ठरलं. मग सावळीराम उठले, जोडे घातले आणि म्हणाले,

"बडोद्याकडनं गाड्या येत असतील ना?"

"रोज दोन येतात."

"येतात ना? बरं बरं. येऊ मग?"

झालं. त्यांच्या मते त्यांनी विचारलं होतं. घरी बायकोने, साळूबाईने विचारलं, तर हे म्हणाले, "चौकशी केली. गाड्या रोज येतात म्हणले. माणूस लय चांगला हाय."

सातव्या दिवशी पुन्हा आले. या वेळी कोबी आणि निर्गुडीचा पाला. पुन्हा चहा, पुन्हा बशी माझ्यावर. उठताना विचारलं, "कधी कधी माल यायला उशीर होतो म्हणा." कारभारी म्हणाला, "होतो की, घाटात गाडी अडकली तर होतो." सावळीरामांनी मान हलवली आणि घाटाला दोष देत निघून गेले. नवव्या दिवशी आले तेव्हा कारभारीच्या आईला पाल्याने उतार पडल्याची बातमी होती. त्या आनंदात पाळण्याचं राहूनच गेलं.

खरं सांगतो, मला रडू यायचं. बिल्टी त्यांच्या टोपीत घडी घालून ठेवलेली असायची. टोपी काढून घाम पुसायचे तेव्हा ती मला दिसायची. माझा नंबर तिच्यावर, तोच नंबर माझ्या गोणपाटावर, आणि मध्ये दोन हातांचं अंतर. पण आल्या आल्या माणसाच्या तोंडापुढे कागद नाचवायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, असं त्यांना वाटायचं.

घरी साळूबाई तापली. "तुम्हाला जमत नसेल तर मी जाते," म्हणाली. तेव्हा सावळीरामांनी तोडगा काढला. तोंडाने विचारणं जड जातं ना, मग लिहून विचारू. शेजारचे जयराम गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला. अकराव्या दिवशी तो कारभारीच्या हातात दिला आणि लाजेने तिथे न थांबता सायकलवर बसून निघून गेले.

कारभारीने तो मोठ्याने वाचला, म्हणून मला पाठ आहे. "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपण सहकुटुंब क्षेमकुशल असाल अशी आशा आहे. आपल्या मातोश्रींच्या गुडघ्यांस आराम पडल्याचे वाचून, नव्हे ऐकून, परमसंतोष झाला. आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. प्रतिभा हिस नऊ वर्षांनी पुत्ररत्न झाले असून त्याचे बारसे उद्या दुपारी मखमलाबाद येथे आमच्या मळ्यात करण्याचे योजिले आहे." इथे पान संपलं. पाळण्याची विचारणा पाठीमागे होती, मला खालून दिसत होती, "आपणास तसदी होणार नसल्यास" पासून सुरू होणारी. कारभारीने कागद उलटलाच नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि हमालाला म्हणाला, "म्हातारा देवमाणूस आहे. बारशाला बोलावलंय. जायला पाहिजे."

मी गोणपाटात नुसता तडफडलो. दुसऱ्या दिवशी तो झबलं-टोपडं घेऊन स्कूटरवर निघून गेला, आणि मी तिथेच.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण साळूबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यात जमा आहे. मळ्यात मांडव घातलेला. चांदवडची मंडळी येऊन बसलेली. आढ्याला साळूबाईच्या लुगड्याची झोळी बांधलेली, आणि प्रतिभा बाळाला घेऊन खाली मान घालून बसलेली. रंगूबाईंनी झोळीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नऊ वर्षांनी नातू झाला, तो काय आम्ही लुगड्यात टांगायचा?"

सावळीराम टोपी सारखी करत राहिले. तेवढ्यात कारभारी पोचला. त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. झोळी बघून तो म्हणाला, "पाळणा नाय मिळाला का बाबा? आधी बोलायचं ना. आमच्या गोदामात एक पडलाय आठ दिवस. नवाकोरा, संखेड्याचा. कोण मालक आहे देव जाणे, विचारायलासुद्धा येत नाय. काय एकेक माणसं असतात."

सावळीरामांनी टोपी काढली, घडी केलेली बिल्टी बाहेर काढली आणि कारभारीच्या हातात दिली. कारभारीने ती वाचली, मग सावळीरामांकडे पाहिलं, मग परत वाचली.

साळूबाईने नवऱ्याला विचारलं, "तीन तीन वेळा तिथं बसून तुम्ही करत काय होता?"

"चहा घेत होतो," सावळीराम म्हणाले.

संतोष तासाभरापूर्वीच बडोद्याहून बारशाला पोचला होता. तो आणि कारभारी टेम्पो घेऊन सुटले, ते तासाभरात मला घेऊन आले. गोणपाटावर बशांचे गोल डाग घेऊन मी मांडवात उतरलो. कारभारीने स्वतः शिवण उसवली आणि बायकांपुढे कान धरले. सगळा मांडव हसत होता. संतोषने माझे खांब जोडले, प्रतिभाने पदराने मला पुसायला घेतलं. सावळीराम शेजारीच उभे होते. ती हसत नव्हती. मला पुसता पुसता हळूच म्हणाली,

"बाबा, चांदवडलाही तुम्ही असंच यायचात. मी रडून निरोप पाठवायचे, आणि तुम्ही ओसरीवर बसून चहा घेऊन परत जायचात. एकदा तरी विचारायचं होतंत त्यांना, माझ्या पोरीला का बोलता म्हणून."

हे त्या दोघांखेरीज फक्त मी ऐकलं. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि जिथे धूळ नव्हती तिथेच माझी दांडी पुसायला लागला. मघापर्यंत मी या माणसावर चिडलेला होतो. तेव्हा मात्र मला त्यांची फार कीव आली.

इतक्यात रंगूबाई पुढे आल्या, माझे खांब ठोकून बघितले आणि म्हणाल्या, "पाळणा बरा आहे. चला, हेही झालं. आमच्याकडे कांद्याची लागण आलीय, माणसं मिळत नाहीत. प्रतिभाला उद्या सकाळीच घेऊन जाते."

बारा दिवसांची बाळंतीण. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. साळूबाईने हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. प्रतिभाने वर पाहिलं, तेही आईकडे नाही, बापाकडे.

सावळीराम रंगूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. पाणी घेता का विचारलं नाही, थंडी फार पडलीय म्हणाले नाहीत.

"विहीणबाई, पोर उद्या येणार नाय. सव्वा महिना इथंच राहील. आणि नऊ वर्षं तिला जे बोललात, ते आता बोलायचं नाय. तिचा बाप सांगतोय."

रंगूबाईंनी लेकाकडे पाहिलं. जावई खाली बघत होता, तो पहिल्यांदाच म्हणाला, "राहू दे तिला, आई." मग सावळीरामांनाच स्वतःची भीती वाटली असावी. एवढं बोलून ते वळले आणि घाईघाईने चहा सांगायला आत गेले. पण शब्द मागे घेतला नाही. आत्याने बाळ माझ्यात घातलं, कानात नाव सांगितलं. ज्ञानेश. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या दिवशी प्रतिभाने जो झोका दिला तो माझा खरा पहिला झोका. दुकानातले मी धरत नाही.

आता २००१ साल चालू आहे आणि मी चांदवडला असतो. माझी सोनेरी वेल उडालीय, एका कडीला तार बांधलीय. ज्ञानेश मला चढायचं झाड समजतो आणि माझ्यात सध्या त्याची चार महिन्यांची बहीण तेजस्विनी झोपते. रंगूबाईंचं बोलणं काही एकदम थांबलं नाही. जित्याची खोड. पण ते कमी कमी होत गेलं. सावळीराम आता महिन्यातून एकदा येतात आणि रंगूबाईंसमोरच मुलीला विचारतात, "तुला इथं काय कमी-जास्त?" उत्तर मिळेपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. नम्रपणे वागा, चहा प्या, गुडघ्यांची चौकशी करा, पण ज्या कामाला आलात ते बोला. वस्तूचं एक वेळ चालतं. आम्ही आठ दिवस गोणपाटात पडून राहतो. लेकीबाळी नऊ नऊ वर्षं वाट बघत बसतात.

काल तेजस्विनी रडत होती. प्रतिभा पहाटेपासून कांद्यात राबून आलेली, उभ्या उभ्या मला झोका देत होती. रंगूबाईंनी दारातून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दमली असशील. मी देऊ का झोका?"

प्रतिभाने दोरी त्यांच्या हातात दिली.