पडायला तयार नसलेला प्रोग्राम

"कोपरे आधी झाड, मधलं कुणीही झाडतं," आत्या सांगायची. मी तिच्याकडेच वाढले. सकाळी देवापुढे बसण्याआधी केर काढायचा, हा नेम तिथेच अंगवळणी पडला. ऑफिसातही खुर्चीत बसले की मी आधी आवराआवर करते. पहिलवान त्यावरून मला चिडवतो. पहिलवान म्हणजे माझ्या शेजारी बसणारा, फुंकर मारली तर उडेल असा प्रोग्रामर.

आम्ही डीबगर बनवतो. एखादा प्रोग्राम चालता चालता कोसळला, तर त्या क्षणी त्याच्या पोटात काय होतं त्याची एक फाइल मागे राहते. तिला डम्प म्हणतात. आमचा डीबगर ती उघडून पाय कुठे घसरला ते दाखवतो. आणि डीबगर स्वतः शुद्धीवर आहे ना, हे बघायला आपोआप चालणाऱ्या टेस्ट असतात. एक छोटा प्रोग्राम मुद्दाम पाडायचा, त्याचा डम्प उघडायचा, उत्तर जुळलं तर हिरवा, नाही तर लाल.

लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवणारा कंपायलर काही महिन्यांपूर्वीच बदलला होता. या टेस्ट त्या नव्या कंपायलरसाठी बदलायचं काम माझ्याकडे आलं, त्याच सकाळी आमचा डीबगर वापरणाऱ्या एका लिफ्टच्या कंपनीतल्या बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांचा प्रोग्राम अधूनमधून कोसळत होता आणि त्याचा डम्प आमच्याकडे उघडत नव्हता. उद्या वरिष्ठांबरोबरच्या बैठकीत कारण दाखवता आलं नाही, तर दोष त्यांच्या कोडवर येणार आणि काम हातचं जाणार.

"बाई, आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत," आमचे साहेब स्पीकरवर म्हणाले. "तुमची फाइलच खराब असणार."

"वेगवेगळ्या मशीनवरून पाठवल्यात हो."

"मग सगळ्याच खराब असतील."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "ताई, टेस्ट आज उरकून टाका. कंपायलरचं नाव तेवढं बदलायचंय."

मी नेहमीप्रमाणे आधी झाडू काढला. टेस्टच्या फोल्डरमध्ये जुन्या डम्पचा ढीग साचला होता, कुणी कधी हात लावला नव्हता. तो पुसला आणि टेस्ट चालवल्या. ओठांवरचं देवाचं नाम पुरं होईपर्यंत सगळं लाल.

"झालं," पहिलवान म्हणाला. "ताईंनी घर आवरलं, आता काही सापडायचं नाही."

"अरे, नवा डम्प तयारच झाला नाही."

"प्रोग्राम पडला की होतो तयार."

"तो पडलाच नाही ना."

त्याने चालवून पाहिला. प्रोग्राम गुणी बाळासारखा शेवटपर्यंत चालला आणि निरोप घेऊन निघून गेला. ज्या ओळीवर त्याने आपटायचं, ती नव्या कंपायलरला बिनकामाची वाटली होती. त्याने ती परस्पर गाळली होती. आणि टेस्ट इतकी भोळी, की फोल्डरमध्ये जो डम्प सापडेल तोच उघडायची. रोज तोच शिळा डम्प, रोज तोच हिरवा दिवा.

साहेब आले. "काल हिरवं होतं. लाल कुणी केलं?"

"लालच होतं, साहेब," मी म्हटलं. "आज दिसलं."

"जुन्या फाइली परत टाकता येतील?"

"येतील. पण मग त्या बाईंना काय सांगायचं?"



पहिलवानाने बाह्या सरसावल्या. प्रोग्राम पडावा म्हणून शून्याने भागून पाहिलं, कंपायलरने तेही गिळलं. "मेला मरत नाही," तो पुटपुटला.

"त्याला फसवायचं कशाला? सरळ सांगू या, आता कोसळ म्हणून."

तसा हुकूम असतो. तो लिहिला आणि प्रोग्राम धाडकन पडला. कुणाच्या पडण्याचा इतका आनंद मी पाहिला नव्हता. ताजा डम्प आमच्या डीबगरला दिला. उत्तर आलं: फाइल खराब आहे. बाईंना आलेलं उत्तर, अक्षर न् अक्षर.

संगणकाची यंत्रणा आता डम्पची मांडणी नव्या पद्धतीने करत होती आणि आमचा डीबगर जुन्याच खणात शोधत बसला होता. पहिलवानाने ते दुरुस्त केलं. मी टेस्टमध्ये घातलं: आधी फोल्डर रिकामा कर, मग प्रोग्राम खरंच पडला का बघ, मगच डम्प उघड. संध्याकाळपर्यंत बाईंची फाइलही उघडली. घसरला होता त्यांनी बाहेरून विकत घेतलेला भाग. त्यांचा कोड स्वच्छ होता.

साहेबांनी स्वतः फोन लावून ते सांगितलं. स्पीकरवर बाई म्हणाल्या,

"साहेब, फाइल चांगली आहे हे मी केव्हाची सांगतेय. फाइल खराब असल्याचा तुमचा मेल दाखवून आमच्या वरिष्ठांनी मला गप्प बसवलं. आता मीच हे सांगितलं तर मानणार कोण?"

"दुसरा मेल करतो."

"पहिलाही तुमचाच होता."

पहिलवान खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांनी कान खाजवला.

"बैठक कितीला आहे?"

"दहाला."

"येतो मी. चूक आमची होती, हे मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून लवकर आले. टेस्टच्या निकालाची छापील प्रत मागितली.

"हिरवी देऊ ना?" मी विचारलं.

"कालची लाल द्या."

त्यांनी तिची घडी करून खिशात ठेवली आणि जिना उतरू लागले.