बाबा, आलात?

"यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही, हिराइवासान," चहाचा पेला खाली ठेवत कुरामोची म्हणाले, "पण आमचा व्हिडिओ गेम निघाला तेव्हा एक गिऱ्हाईक इतकं रडलं, की त्याच्या रिमोटला गंज चढला!"

"मागच्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती, सेन्सेई."

"दुसरं रडून रडून गेलं."

हिराइवा हसली. स्टुडिओत आवाज भरून घेण्याचं काम तिचं. ती हसत असली की प्रश्न विचारत नाही, हे कुरामोचींना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या त्या गेमवरून आता टीव्ही मालिका निघत होती. गोष्ट दीपगृहाच्या रखवालदाराची. रोज संध्याकाळी खेळणाऱ्यानं घराचं दार उघडायचं, रखवालदार म्हणायचा, "आलो गं." आतून लेक विचारायची, "बाबा, आलात?" शेवटच्या संध्याकाळी दार उघडलं की आतून काहीच यायचं नाही. एवढंच. त्या एवढ्यावर अख्खं जपान हमसून हमसून रडलं होतं. "माणूस मारून कोणीही रडवेल," कुरामोची म्हणत, "आपण उत्तर मारायचं."

ते दोन शब्द त्यांच्या नऊ वर्षांच्या मिनाहोनं स्वयंपाकघरात बसून म्हटले होते. टेपवर मागे फ्रीज घुरघुरतो. मालिकेत मात्र सगळे आवाज नवे घ्यायचे ठरले. कुरामोचींचं मागणं एकच होतं, ते दोन शब्द तेवढे मिनाहोचे राहू देत. निर्माता म्हणाला, "टेप चालणार नाही. लेकीला घेऊन या. नाहीतर नवी नटी म्हणेल."

मुदत आजची होती.

"मग कुठायत मिनाहोसान?" हिराइवानं घड्याळाकडे पाहिलं.

"येतेय की! होक्काइदोहून यायचं म्हणजे काय खाऊ आहे? चाळीस गाई आहेत तिच्या. हिनं हाक मारली की बादली तोंडात धरून रांगेत उभ्या राहतात."

"परवा तीस म्हणालात."

"मधे व्याल्या."

या वेळी ती हसली नाही. कुरामोची घाईघाईनं पुढे सरसावले.

"अहो, काल संध्याकाळी तर घरी पोचलीसुद्धा! मी घरातच, भात लावत होतो. दार सरकलं. वळून बघतो तर उंबऱ्यात माझी लेक! हातात छत्री, पाणी निथळतंय. आणि म्हणाली काय, अगदी तोच आवाज हो, वीस वर्षांत कणाचा फरक नाही, म्हणाली, 'बाबा, आलात?'"

हिराइवाचा हात बटणावरच राहिला.

"सेन्सेई," ती हळूच म्हणाली, "बाहेरून येणारं माणूस 'आले' म्हणतं. 'आलात?' हे घरातलं माणूस विचारतं. बालवाडीतलं पोरही यात चुकत नाही. काल बाहेरून तुम्हीच आलात, आणि आल्या आल्या टेप लावलीत. खोटं बोलताय तुम्ही. मिनाहोसान त्या टेपमध्येच आहेत. बाहेर कुठंच नाहीत."