झाड न तोडणाऱ्या कुऱ्हाडी

"अजून मोठी हवी," मॅडम म्हणाल्या, आणि कुऱ्हाडेच्या कपाळावरची शीर तटतटली.

अजून मोठी म्हणजे किती मोठी? पडद्यावरच्या राक्षसाच्या हातातल्या कुऱ्हाडीचं पातं आधीच दाराएवढं झालं होतं. असली कुऱ्हाड उचलताना राक्षसाचंसुद्धा कंबरडं मोडलं असतं. पण हे मॅडमना सांगणार कोण? खेळ त्यांच्या हुकमावर चालायचा, आणि मोठं म्हणजे चांगलं ही त्यांची साधी समजूत होती. कुऱ्हाडेनं मुकाट्यानं पातं वाढवलं. मॅडम म्हणाल्या, "आता कसं!" आणि निघून गेल्या.

कुऱ्हाडे हे काही त्याचं आडनाव नव्हे हो. त्याची कंपनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ चालवायची. खेळ कसला, अख्खं जगच होतं ते. राक्षस, बुटके, उडती जहाजं, बर्फाचे डोंगर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जंगल. त्या जगातली एकूण एक कुऱ्हाड यानं बनवलेली, म्हणून हा कुऱ्हाडे. बुटक्यांची आखूड दांड्याची दुधारी, बोगद्यात फिरवायला सोपी. राक्षसांची ही दाराएवढी. जल्लादाची चंद्रकोरी, तिला मुद्दाम जड पातं. डोंगरवाल्यांची बर्फात रुतवून वर चढायची. उडत्या जहाजावरच्या खलाशांची दोर कापायची, तिच्या मागच्या बाजूला आकडा. फेकली की आपोआप हातात परत येणारी. पात्याला आग लागलेली, आणि तिची सवत, पात्यावर बर्फ गोठलेली. प्रत्येकीचा उपयोग त्यानं जीव लावून ठरवलेला. आणि खेळणारे काय करायचे? जी हाताला येईल तिनं समोरच्याचं डोकं फोडायचे. दोर कापायची घ्या नाहीतर बर्फात चढायची घ्या, सगळ्यांचा शेवट डोक्यातच.

तेही त्याला एक वेळ चाललं असतं. पण एवढ्या कुऱ्हाडींमध्ये एकही कुऱ्हाड झाड तोडत नव्हती. घाव घातला की ठक्क असा आवाज व्हायचा आणि झाड जसंच्या तसं. साधी ढलपी उडायची नाही. कुऱ्हाडीचं मूळ काम काय, हे दहा जणांना विचारा, दहाही जण सांगतील. या कंपनीत मात्र ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आलं नव्हतं. ते आलं ठकीच्या.

ठकी त्याची मुलगी. बायको आणि तो वेगळे झाले तेव्हा ती आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. भेट व्हायची ती रविवारी, खेळातल्या जंगलात. इकडे हा कानाला हेडफोन लावून बसायचा, तिकडे ती. तिची बुटकी आणि त्याचा डोंगरवाला जंगलातून फिरायचे आणि शाळेतल्या भांडणांपासून पडलेल्या दातापर्यंत सगळं बोलणं व्हायचं. समोरासमोर बसवलं असतं तर पोरगी एवढं बोलली नसती.

एकदा ती म्हणाली, "बाबा, इथे आपण घर बांधू या ना. तोड की झाड."

त्यानं घातला घाव. ठक्क. दुधारीनं घातला, चंद्रकोरीनं घातला, आगीच्या कुऱ्हाडीनं घातला. ठक्क, ठक्क, ठक्क. ठकी आधी खदखदून हसली. मग म्हणाली, "अरे पण कुऱ्हाडी तूच बनवतोस ना? मग तुलाच झाडं कशी तोडता येत नाहीत?"

तो म्हणाला, "थांब, तोडणारी बनवतो. मग घर बांधू."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

त्यानंतर दर रविवारी पहिला प्रश्न तोच. झाली का? नाही गं, होईल. झाली का? पुढच्या वेळी. पुढे पुढे ठकीचे रविवार चुकायला लागले. कधी मैत्रिणीचा वाढदिवस, कधी पोहण्याचा वर्ग. हा हेडफोन लावून एकटाच जंगलात उभा राहायचा आणि मग उठून भांडी घासायला जायचा. पोरगी हातातून निसटत चाललीय हे त्याला कळत होतं. त्यानं मनाशी गाठच बांधली, काही झालं तरी झाड पाडायचंच.

कुऱ्हाड त्याच आठवड्यात तयार झाली. साधी, एकधारी, लाकडी दांड्याची, हाताला बसेल अशी. मग सुरू झाली वणवण.

पहिला आडवा आला तराजू. कुठल्या हत्याराला किती जोर द्यायचा हे ठरवणारा तो माणूस, म्हणून त्याला सगळे तराजू म्हणायचे. त्यानं कुऱ्हाड पडद्यावर उलटसुलट फिरवून पाहिली. "हिचा उपयोग काय?"

"झाड तोडणं."

"ते कळलं रे. पण उपयोग काय?"

कुऱ्हाडेनं हात जोडले. अशा माणसाशी डोकं लावण्यापेक्षा भिंतीवर आपटलेलं बरं!

मॅडमनी एक नजर टाकली. "किती गरीब दिसते ही. हिला चकाकी नाही, आग नाही, काही नाही."

"मॅडम, ती लाकूडतोडी आहे."

"मग लाकूडतोड्याला आग नको का?"

आणि झाडवाली? या जंगलातलं प्रत्येक झाड तिनं लावलेलं. पानापानाची सळसळ तिची. ती तर उसळलीच. "माझी झाडं तोडणार? तू? शेजारच्या खुर्चीत बसून? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही!"

"अगं, एखाददुसरंच तोडतील लोक."

"लोकांना तू ओळखत नाहीस," ती म्हणाली आणि दिवसभर बोलली नाही.

तो मात्र हटला नाही. प्रत्येक बैठकीत कुऱ्हाड. जेवणाच्या टेबलावर कुऱ्हाड. लिफ्टमध्ये मॅडम भेटल्या की कुऱ्हाड. लोक त्याला पाहून रस्ता बदलायला लागले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्यासुद्धा तो तराजूशी मनातल्या मनात भांडायचा, आणि तिथेही हरायचा. चिडचिड इतकी वाढली की दूधवाल्यानं नुसतं "काय साहेब, बरं ना?" विचारलं तर त्याच्यावरच खेकसला.

आणि मग एके दिवशी मॅडमनी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या खेळात झाड पडताना पाहिलं. धाडकन बैठक बोलावली. "आपल्याकडे झाड का पडत नाही? इतकी साधी गोष्ट, कुणाला सुचली कशी नाही?"

कुऱ्हाडे मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढत राहिला. बोलला असता तर नोकरी गेली असती. तराजू छताकडे बघत होता. झाडवालीनं तेवढं टेबलाखालून त्याच्या पायावर हलकेच पाय दाबला, तिलाच त्याची दया आली असावी.

मग मात्र कामाला वारं भरलं. कुऱ्हाडेनं ढलपी कशी उडेल ते बसवलं, घाव ओल्या लाकडात कसा वाजेल आणि वाळक्यात कसा वाजेल तेही. झाड कलताना बुंधा आधी कसा करकरतो, ते तर त्यानं स्वतःच्या तोंडानं आवाज काढून सांगितलं. तराजूनं झाड झटपट पडेल असं केलं, नाहीतर लोक कंटाळतात म्हणे. ही नवी कुऱ्हाड रविवारी सकाळी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जाणार असं ठरलं. त्यानं ठकीला निरोप पाठवला, 'झाली!' उत्तरादाखल तिनं उड्या मारणारी माकडं पाठवली, ओळभर.

रविवारी सकाळी सगळे ऑफिसात जमले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जंगल दिसत होतं. पहिलं झाड पडलं तेव्हा टाळ्या वाजल्या. दुसरं पडलं, दहावं पडलं, मग मोजायची सोय राहिली नाही. राक्षस, बुटके, खलाशी, जल्लाद, सगळे आपापली वैरं सोडून झाडांवर तुटून पडले होते. वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडणारी माणसं शेजारी शेजारी उभी राहून एका तालात घाव घालत होती. दुपारपर्यंत डोंगराचा हा उतार बोडका झाला, तासाभरानं तो.

झाडवाली हळूच म्हणाली, "परत उगवायचं कोण बघतंय?"

"तू ना?"

"मी? उभं आहे तोवर झाड माझं. पडलं की तो ओंडका, ते सामान झालं. सामान तुमच्याकडे."

कंपनीची रीतच तशी. ज्याची वस्तू त्यानं पाहायची, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. कुऱ्हाडेकडे कुऱ्हाड, तिच्याकडे झाड, तराजूकडे जोर. तुटलेल्या जागेवर नवं रोप, ते कुणाकडेच नव्हतं. तेवढ्यात मॅडम आत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "हे काय करून ठेवलंय?"

कुऱ्हाडेला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. ठकीची वेळ झाली होती. तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि हेडफोन चढवले. ज्याला बोंबलायचंय त्यानं बोंबलावं, माझ्या पोरीचं झाड तर पडलं!

"बाबा! इकडे, इकडे ये!" ठकीचा आवाज नुसता नाचत होता. जंगल नव्हतंच, त्यामुळे तिची बुटकी लांबूनच दिसली. तिच्याभोवती ओंडके पडले होते. "मी सगळ्यांच्या आधी आले. हे सगळे माझे. एक जण घ्यायला आला होता, त्याला मी हाकललं. घाव कसला भारी वाजतो रे!"

"आवडला?"

"खूप! चल आता, बांधू. मी भिंतीपासून सुरुवात करते."

तिची बुटकी ओंडक्याला भिडली. वाकली, सरळ झाली, परत वाकली. ओंडका तिथेच. "बाबा, उचलतात कसा? कुठलं बटण?"

कुऱ्हाडेचं बोट कीबोर्डवर बटण शोधायला गेलं.

बटण नव्हतं. ओंडका उचलायचं बटण नव्हतं, रचायचं नव्हतं, भिंत नव्हती, छप्पर नव्हतं. इतके महिने तो कुऱ्हाड, कुऱ्हाड करत सगळ्यांच्या मागे लागला होता. ढलपी आठवली, करकर आठवली. घर हा शब्द त्यानं एकदाही, एकाही बैठकीत, कुणापाशी काढला नव्हता. भांडता भांडता कशासाठी भांडतोय तेच विसरून गेला होता शहाणा. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली त्याला.

"ठके," तो म्हणाला, "ते उचलता येत नाहीत गं."

"मग घर?"

"घर बांधता येत नाही. ते सांगायचं राहिलं माझ्याकडून. विसरलो."

त्याला वाटलं, आता ही हेडफोन काढून जाणार. मागे मॅडमचं तोंड चालूच होतं, तराजू दोष कुणावर तरी ढकलत होता. बुटकी मात्र ओंडक्यापाशी उभी होती.

"बाबा," ठकी एकदम हळू बोलायला लागली, दार लोटून घेतल्यासारखं. "आईला बोलू नकोस हं काही. ती म्हणाली होती, तो काही बांधणार नाही, उगाच आशा लावून बसू नकोस. मी तिच्याशी केवढी भांडले."

त्यानं हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले.

"मी तिला घर झालं म्हणून सांगते. ती कुठे बघायला येतेय?" ठकी जरा थांबली. "पण ती विचारेल ना. किती खोल्यांचं सांगू?"

"तीन सांग," तो म्हणाला.