डाव्या चाकाचे आटे

सकाळपासून थोरला बांधावर गवत कापत होता. बांध तो केवढा, आणि त्यावर गवत ते किती! एवढ्या वेळात त्याने अर्ध्या गावाचं गवत कापून काढलं असतं. पण विळा नुसता हातात होता आणि डोळे पलीकडच्या अंगणात होते. तिथे त्याचा धाकटा भाऊ जीपचं पंक्चर झालेलं डावं चाक खोलायला झटत होता, आणि नट काही जागचा हलत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दोघांच्या वाटण्या झाल्या. विहिरीकडचं शेत थोरल्याकडे आलं, जीप आणि आई धाकट्याकडे गेली. जीप मूळची वडिलांची, त्यांच्यामागे वीस वर्षं थोरल्यानेच चालवलेली. वाटणीच्या दिवशी त्याने किल्ली अंगणात भिरकावली आणि म्हणाला, "घे, मिरव." तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगणं अगदीच भाग पडलं तर थोरला ते आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगायचा आणि धाकटा आपल्या कुत्र्याला. "उद्या पाण्याची पाळी आपली आहे बरं का गं," असं म्हशीला सांगितलं की पलीकडे कळायचं. म्हशीला पाळी कळून काय करायचं होतं!

किल्ली दिली, पण गाडीची एक खोड थोरल्याने सांगितली नव्हती. त्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे होते. सगळ्या जगाचे नट ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला हे आणखी आवळत जातात. उजवं चाक धाकट्याने मागे एकदा बदललं होतं, ते निमूट निघालं. डाव्याची वेळ आज पहिल्यांदा आली होती. ती कधी ना कधी येणार हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं तो तिचीच वाट बघत होता.

पहिला अर्धा तास त्याची चांगली करमणूक झाली. धाकटा पान्यावर रेटा देत होता, पान्याला शिव्या घालत होता, घामाने भिजला होता. थोरला मनात म्हणाला, मिरव आता.

"अहो, विळ्याला गंज चढेल," मागून त्याची बायको म्हणाली. "एवढं काय बघताय?"

"मी कुठं बघतोय?"

"मग तेही बघा जरा. सासूबाई कधीच्या तयार होऊन बसल्यात."

आई अंगणात खुर्चीवर बसली होती. धुतलेलं लुगडं, मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

"आज डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं," बायको म्हणाली. "जाऊबाई विहिरीवर सांगत होत्या. एक डोळा तर गेलाच, आता दुसऱ्यानंही धूसर दिसतं. परवा चुलीत हात घातला त्यांनी. डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा येतो आणि दहाला यादी बंद करतो. सहाची बस गेली. आता दुसरी थेट दुपारी."

थोरल्याच्या हातातला विळा थांबला असं म्हणायची सोय नाही, कारण तो चालू नव्हताच.

"मला काय त्याचं," तो म्हणाला. "आई त्याच्या वाटणीला गेली."

बायको नुसती बघत राहिली, मग पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून निघून गेली. त्या बघण्याचा थोरल्याला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. मघाची मजा कुठल्या कुठे गेली.

पलीकडे आई पुढे वाकून धाकट्याला काहीतरी सांगत होती. तिने हात वर करून हवेत गोल फिरवला. धाकट्याने मान वर न करताच तिला हाताने गप केलं. पाणी मागत असेल, थोरल्याला वाटलं.

सांगावं का? शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आधी बोलायचं कुणी? लहान तो आहे, त्याने विचारावं. तेवढ्यात धाकट्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला, त्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला आणि सगळं अंग टाकलं. कड् असा आवाज झाला आणि तो पाइपसकट आडवा पडला. बोल्ट मोडला होता.

आता मात्र थोरल्याला राहवलं नाही. तो ताडकन उठला, म्हशीकडे तोंड केलं आणि ओरडला, "अगं ए! डाव्या चाकाचे आटे उलटे असतात म्हणावं! उजवीकडे फिरवायचं!"

म्हैस रवंथ करत राहिली. धाकटा धूळ झटकत उठला. चेहरा लालबुंद.

"ऐकलंस का रे?" तो कुत्र्याला म्हणाला. "सकाळपासून फुकट तमाशा बघितला, आता चेष्टा सुचतेय. उलटं फिरवा म्हणे! म्हणजे चाक जन्मात निघायला नको!"

आणि त्या रागात त्याने दुसऱ्या नटाला पाना लावला आणि त्याच बाजूला दुप्पट जोरानं पाइपवर उडी मारली. दुसराही बोल्ट गेला.

 आज थोरला खरं बोलला होता, पण पाण्याची पाळी सोडली तर दोन वर्षं त्या बांधावरून टोमण्याशिवाय काही गेलंच नव्हतं, मग धाकट्याने तरी ते खरं का मानावं? त्याने विळा टाकला, बांध ओलांडला आणि सरळ अंगणात आला.

"पाना दे."

"कशाला? उरलेले तीन मोडायला?"

"दे म्हणतो ना, गाढवा!"

गाढवा हा शब्द लहानपणचा होता. दोन वर्षांत धाकट्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्याने पाना दिला.

थोरल्याने नखानं बोल्टच्या टोकावरचा चिखल खरवडला. खाली एक बारीक खूण निघाली. "ही बघ. ही फक्त डाव्या बाजूला असते." मग त्याने डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी नटांवर पिळली, हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके दिले आणि उकिडवा बसून राहिला. धाकट्याची बायको आत जाऊन घड्याळ बघून आली. "भाऊजी, दहा वाजायला आले हो."

"मुरू दे जरा. नाहीतर हेही मोडतील."

मूळचा गंज होताच, त्यात सकाळभर धाकट्याने जीव तोडून ते आवळलेले. पहिला नट किंचाळत सुटला. बाकीच्या दोघांनी आणखी अर्धा तास खाल्ला.

"तुला ठाऊक होतं," स्टेपनी चढवताना धाकटा म्हणाला.

"हो."

"दोन वर्षं."

थोरला नट आवळत राहिला. मग म्हणाला, "तीन बोल्टवर पळवायची नाही. मी चालवतो, तू आईला धरून बस."

ते दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. नर्सने यादी उलटून दाखवली. आईच्या नावावर काट मारलेली होती. पुढची तारीख दोन महिन्यांनी, तोवर डोळा किती टिकेल ते नर्सलाही सांगता येईना.

बाहेरच्या बाकावर आईला मध्ये बसवून दोघे तिच्या डोक्यावरून भांडायला लागले.

"तू वेळेवर सांगितलं असतंस तर?"

"आणि तू ऐकलं असतंस तर?"

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली.



"तुमच्या वडिलांनी ते चाक कितीदा तरी माझ्यासमोर खोललंय. पाना मीच हातात द्यायचे. सकाळीच म्हटलं याला, उलटं फिरव. तर म्हणाला, आई, तुला दिसत नाही, तू गप बस."

धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याला हवेत गोल फिरलेला तो हात आठवला. आई गाठोडं सावरत त्याच्या बाजूला वळली आणि अंदाजानेच त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आणि तू रे? तुला तर बांधावरून सगळं दिसत होतं."

थोरल्याला उत्तर द्यायला समोर म्हैससुद्धा नव्हती.