हँडलवरची खोळ

मी खोळ बोलतेय. उशीची नव्हे, गादीची नव्हे, सायकलच्या हँडलची. हसलात ना? हसून घ्या. शहागडच्या फाट्यावरच्या चहावाल्यापासून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे हसून झाले आहेत, तुम्ही तेवढे राहिला होतात.

आम्ही दोघी बहिणी. मी उजव्या मुठीवर, ती डाव्या. दोन्हीकडे तोंड असलेल्या पिशव्या समजा. एका तोंडातून हँडल आणि ब्रेक आत गेलेले असतात, दुसऱ्या तोंडातून बाई हात घालते. वारा बाहेर, पाऊस बाहेर, बोटं आत. एवढंच आमचं काम, पण ते करणारं दुसरं कोणी नाही, म्हणून जरा तोऱ्यात बोलते.

ही बाई म्हणजे नंदाबाई. गावाची आशा. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि त्यानंतरही ठरलेल्या दिवशी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, बेंबी पाहायची, अंग गरम आहे की गार ते पाहायचं, हे तिचं काम. गाव एक, वस्त्या सात, आणि ऊसतोड सुरू झाली की अंकुशनगरच्या बाजूला फडाफडांत पडलेल्या तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या वेगळ्याच. एसटी तिथे जात नाही. स्कूटर तिच्याकडे नाही. सायकल आहे.

तिला तिच्या वरच्यांनी काय दिलं? डायरी दिली, बॅग दिली आणि छत्री दिली. सायकलवर छत्री! धरायला तिसरा हात द्यायचा मात्र विसरले.

तिने स्वतःचे उपाय करून पाहिले. आधी बाजारातून विणलेले हातमोजे आणले. पहिल्या भुरभुरीतच ते भिजले, आणि ओला मोजा घालण्यापेक्षा उघडा हात बरा, हे तिला एका सकाळीच कळलं. मग दवाखान्यातले रबरी मोजे चढवले, तर आत घाम आणि घामाचा गारठा. मग नवऱ्याचे पायमोजे हातात घातले, तर ब्रेकवरून बोटं घसरली आणि बाई सायकलसकट चारीत. नवरा भागवत खो खो हसला. "अगं, आपल्याकडं कसली आलीय थंडी? काश्मिरात नोकरी करून राह्यली का तू?" हे कोण बोलत होतं, तर डिसेंबरात आठ वाजेपर्यंत गोधडीतून नाक बाहेर न काढणारा माणूस. मला तेव्हा तोंड असतं तर मी त्याला विचारलं असतं, की एकदा कालव्याच्या कडेने सकाळी सहाला ओल्या वाऱ्याला तोंड देत जाऊन ये, मग बोल.

मी तेव्हा घोंगडी होते. सासऱ्याच्या जुन्या घोंगडीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता, आणि ती माळ्यावर पडून होती. नंदाने ती झटकली, कात्री चालवली, आणि आम्ही घोंगडीच्या दोन झालो. उरल्या तुकड्यांतून तिने तळव्याच्या मापाचे दोन तळ कापून कॅनव्हासच्या बुटात घातले. त्यावर मोजा, मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी आणि मग बूट. पायांचा प्रश्न असा मिटला. हातांचा राहिला.

घरच्या मशीनची सुई घोंगडीत दोनदा मोडली. तेव्हा ती आम्हाला घेऊन शहागडला भंवरलाल शेठच्या आडतीवर गेली. तिथे तातेराव पोती शिवतात. दाभण आणि सुतळी, दुसरं हत्यार त्यांच्या हाताला माहीत नाही.

"काका, एवढं शिवून द्या," नंदा म्हणाली.

तातेरावांनी आम्हाला उलटंसुलटं केलं. "पोरी, चाळीस वर्सं पोती शिवून राह्यलो. सायकलीला पोतं घालायचं आजच ऐकलं."

पण ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या नावावर मांडून ठेवलं आहे. त्यांनी रिक्षाच्या जुन्या टपाचं रेक्झिन शोधून आमच्यावर चढवलं, म्हणजे पाऊस वरून निथळून जाईल आणि लोकर कोरडी राहील. नंदा म्हणत होती, जरा घट्ट शिवा, वारा शिरेल. तातेराव म्हणाले, "बिलकुल न्हाई. सैलच ठेवतो. बोटं हलली पायजेत. घट्ट झालं की रगत थांबतं, मंग लोकर काय करील?" असा माणूस आडतीच्या कोपऱ्यात बसून पोती शिवतो आणि आराखडे भलतेच लोक काढतात.

दोन हिवाळे आम्ही इमानाने काढले. मग हा गेला डिसेंबर आला.

तीन दिवस अवकाळी भुरभुर लागली होती. आभाळ जमिनीला टेकलेलं, आणि वारा असा, की अंगातलं हाड न् हाड कळावं. त्यात आरोग्य केंद्रात वरून पाहुणे येणार होते. सगळ्या आशांना सायकली घेऊन बोलावलं होतं, कारण फोटो काढायचा होता. मागे मोठा फलक: 'नवजात बाळाला ऊब द्या'. पुढे बायका आणि सायकली, ओळीत, पावसात.

एका साहेबांची नजर माझ्यावर पडली. "ही गाठोडी कसली? काढा आधी. फोटोत काय दिसतंय ते!"

"साहेब, सोडते मी. गाठी आवळल्यात, जरा येळ लागंल," नंदा म्हणाली.

पण साहेबांना वेळ नव्हता. शिपायाने खिशातून ब्लेड काढलं आणि आम्हाला हँडलला बांधलेली सुतळी चर्रकन कापली, एकदा नव्हे, चार ठिकाणी. तातेरावांचे टाके सोडून बाकी सगळं सुटलं. आम्ही दोघी चिखलात पडलो. ऊब द्या म्हणे! आणि ज्या हातांनी ती द्यायची, त्या हातांवरची काढून घेतली, ती नेमकी त्याच फलकाखाली. याचा राग मला आजही आवरत नाही, आणि आवरावा असं वाटतही नाही.

फोटो झाला. नंदाने आम्हाला पुसून बॅगेत कोंबलं. सुतळीचे वीतभर तुकडे राहिले होते, त्यांची गाठ बसेना. तिने दुसरी सुतळी मागितली तर शिपाई म्हणाला, "इथं काय किराणा हाय का?" थांबावं तर कालव्यापलीकडच्या कोपीवर तिसऱ्या दिवसाची भेट होती. बाळ कमी दिवसांचं आणि वजनाला कमी. दवाखान्याने राहायला सांगितलं होतं, पण ऊसतोडीची टोळी थांबत नाही म्हणून मुकादमाने दुसऱ्याच दिवशी मायलेकींना उठवून आणलं होतं. नंदा स्वतःशीच म्हणाली, सहा किलोमीटर तर आहे, आणि उघड्या हातांनी निघाली. चूक तिचीही झाली, मी ती झाकणार नाही.

वाटेत ती एक हात काखेत धरी आणि एका हाताने सायकल हाकी, मग हात बदली. पुढे रस्ता खड्ड्यांचा लागला, तसे दोन्ही हात हँडलवर ठेवावे लागले. पायांकडे साहेबांचं लक्ष गेलं नव्हतं म्हणून पाय तेवढे गरम होते. कोपीशी पोचली तेव्हा तिच्याने बॅगेची चेनही ओढवेना, ती तिने दातांनी ओढली.

आत बाळाची आई अक्षता बसली होती. वीस वर्षांची, मंठ्याकडची. सरपण भिजलेलं, चूल विझलेली, आणि बाळ दुपट्यात गुंडाळून बाजूला पोत्यावर ठेवलेलं.

"ताई, कालपासून दूध वढून न्हाई राह्यलं," अक्षता म्हणाली. "निस्तं झोपूनच हाय."

"रडती का?"

"लई न्हाई. गुणाची हाय."

तीन दिवसांचं लेकरू न रडता पडून राहतं, याला गुण म्हणत नाहीत. नंदाला ते माहीत होतं. तिने थर्मामीटर काढला. त्याचा सेल तीन महिन्यांपूर्वीच गेलेला. नवा मागणारे दोन अर्ज तिने दिले होते, आणि ते कुठल्याशा फायलीत सुखरूप होते. उरला हात. हात पोटाला लावायचा, मग तळपायाला लावायचा, आणि ओळखायचं. शिकवल्याप्रमाणे तिने आधी साबणाने हात धुतले, ड्रममधल्या बर्फासारख्या पाण्याने. मग बाळाचे तळपाय बोटांत धरले.

"पाय तर गरम हायेत गं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैलावला.

बॅगेत माझा जीव खालीवर झाला. अगं बाई, पाय गरम नाहीत, तुझे हात त्याहून गार आहेत! गारठलेल्या बोटांना गार लेकरूही गरमच लागणार. मी हे ओरडून कशी सांगू? घोंगडीला एकच भाषा येते, टोचण्याची.

वजनकाटा काढायला तिने बॅगेत हात घातला. तो थेट माझ्या पोटात शिरला, राठ लोकरीत, मनगटापर्यंत. मी टोचले, जीव खाऊन टोचले. तिला काहीच लागलं नाही.

ती थांबली. तिने मला बाहेर काढलं, बोटांनी चोळलं, पुन्हा चोळलं. मग मला गालाला लावलं आणि गाल चटकन मागे घेतला. गालाला टोचलं होतं. बोटांना नव्हतं.

"अक्षता," ती हळूच म्हणाली, "माझा हात खोटं बोलून राह्यलाय."

तिने दोन्ही हात माझ्यात खुपसले, मला काखेत दाबलं आणि डोळे मिटून बसली. बोटांत रक्त परतताना मुंग्या येतात, त्या नुसत्या मुंग्या नसतात, इंगळ्या असतात. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तिला माझ्याजवळ होती तेवढी सगळी ऊब दिली. मग तिने हात काढला आणि पुन्हा बाळाचे पाय धरले.

पाय गार होते. पोटही गार होतं.

"अगं जल्दी चोळी सोड. छातीशी घे तिला, उघडी, कातड्याला कातडं. दुपटं वरून टाक. हालू नको." एकीकडे ती अँब्युलन्सला फोन करत होती. आईच्या छातीशी बाळ आलं तशी अक्षता दचकली. "आई गं! ताई, ही तर पार गार पडली!" आणि ती रडायलाच लागली.

बाळाचे पाय दुपट्याबाहेर राहत होते. नंदाने कोरडं फडकं त्यांच्याभोवती गुंडाळलं आणि ते दोन्ही पाय माझ्यात घातले. चिमुकले, लाल सुद्धा नव्हे, निळसर. हातांसाठी शिवलेली मी, त्या दिवशी पायांची झाले. तशीच अँब्युलन्समध्ये चढले, आईच्या लुगड्याखाली, आणि सगळी वाट ते पाय पोटात धरून राहिले. निम्म्या वाटेत त्यांनी मला लाथ मारली. अशी लाथ मला कोणीही रोज मारावी.

पोरगी वाचली. आठव्या दिवशी मला धुऊन, वाळवून नंदाच्या हाती परत दिलं गेलं. तातेरावांनी या वेळी सुतळीऐवजी नायलॉनची दोरी ओवली, आणि म्हणाले, "आता ब्लेडवाल्याला मेहनत करू दे."

पुढच्या महिन्यात नंदाचा सत्कार झाला. गुलाबाचं फूल, टाळ्या, आणि 'आमच्या केंद्राने वेळीच ओळखलं' असं भाषण. आमच्या केंद्राने! मग तेच साहेब म्हणाले, "सायकलसोबत एक फोटो होऊ द्या. फक्त ती गाठोडी तेवढी..."

"गाठोडी ऱ्हातील, साहेब," नंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. "न्हाई तर फोटो ऱ्हाऊ द्या."

फोटो राहिला. मला काही त्याचं दुःख नाही. माझं रेक्झिन आता घडीवर फाटलंय, लोकर मुठीपाशी झिजलीय, अजून एक हिवाळा निघेल, फार तर दोन. माझ्यानंतर तिने कुठली घोंगडी कापायची, हे कोणी विचारलेलं नाही.

म्हणून साहेब, जाता जाता तुम्हालाच सांगते. किती बाळांना भेटी दिल्या हे विचारायच्या आधी, सकाळी ती केंद्रात येऊन सायकल लावते तेव्हा एकदा तिचे हात हातात घेऊन बघा, किती गार आहेत ते. तुम्हाला बरोबर कळेल. तुमचे हात गरमच असणार, तुम्ही गाडीची काच वर करून आला आहात.