विष्णुक्रांतेची नोंद

मैनाबाईंनी सही केली तेव्हा श्रावण निम्मा सरला होता. यवतमाळच्या कॉलेजातली निकिता तीन दिवस त्यांच्या ओसरीत बसून गावातल्या झाडाझुडपांची नोंदवही भरत होती. ग्रामपंचायतीनेच तिला त्यांच्याकडे पाठवलं होतं. कोणाच्या गाईचं दूध आटो की कोणाचं पोर खोको, पाला सांगायला गावाला मैनाबाईच लागत. वहीत नाव, जागा आणि प्रमाण असे रकाने होते. प्रमाणाच्या रकान्यात तीनच शब्द चालत: मुबलक, कमी, दुर्मिळ.

"विष्णुक्रांता?" निकिताने विचारलं.

"अवं, ते काय इचारतं!" मैनाबाई हसल्या. "गायरानावर पाय ठेवाले जागा नसते. मुबलक लिव."

अशा बेचाळीस वनस्पती झाल्या. खाली सही घेऊन, वहीची एक प्रत पंचायतीत देऊन निकिता साडेचारच्या एसटीने गेली.

दिवेलागणीला तांदूळ निवडताना मैनाबाईंचा हात थांबला. गायरानावर आपण शेवटचं कधी गेलो? गुडघे धरल्यापासून तर नाहीच, म्हणजे सात वर्षं झाली. मग आज लिहून दिलं ते कधीचं पाहिलेलं? घास गोड लागेना. सुनेने विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई, मन लागून नाई राह्यलं."

सकाळी आठलाच काठी घेऊन त्या निघाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांची बारा गुरं त्याच या गायरानावर वळत. मुरमाड जमीन, बोटभर गवत, आणि त्यात जमिनीला लगटून पसरलेली विष्णुक्रांता. पानांवर रुपेरी लव, फूल शर्टाच्या गुंडीएवढं, निळंशार. सकाळी उमलायचं, ऊन डोक्यावर आलं की मिटायचं. घड्याळ तेव्हा कोणाच्या हातात होतं? माळावरचा निळा रंग गेला की बाया गुरं नाल्यावर पाणी पाजायला न्यायच्या.

आता समोर कमरेइतकं गाजरगवत होतं. अर्ध्या गायरानातला मुरूम रस्त्यासाठी नेलेला, खड्ड्यांत गढूळ पाणी. पलीकडून कोणाची तरी कपाशीची पऱ्हाटी आत सरकलेली, आणि तिच्या धुऱ्याच्या बांधावरचं गवत तणनाशकाने जळून पिवळं पडलेलं. मैनाबाई काठीने गवत बाजूला सारत वाकून पाहू लागल्या. नव्हती. आणखी पुढे गेल्या, तिथेही नव्हती. ऊन चढत होतं. एकदा फुलं मिटली की आपल्या अधू डोळ्यांना ती दिसायची नाहीत, या धास्तीने त्या भराभर काठी चालवू लागल्या.

अकराच्या सुमाराला, शेळ्यांनी चरून साफ केलेल्या एका उंचवट्यावर त्यांना निळे ठिपके दिसले. त्या मटकन खाली बसल्या. एकेका झाडाला बोट लावून मोजलं. चौदा. उठताना शेजारून गेलेली चुन्याची पांढरी रेघ दिसली आणि चारी कोपऱ्यांना ठोकलेल्या खुंट्या. सोयाबीन वाळवायला गावासाठी सिमेंटचं खळं होणार हे त्यांच्या कानावर होतं. ते इथेच होणार, हे आत्ता कळत होतं.

तशाच त्या पंचायतीत गेल्या. सरपंच उत्तमसिंग तांड्यातला, त्यांच्या मुलाच्या वर्गातला.

"काकी, तुमीच तं मुबलक म्हनलं," तो म्हणाला. "त्या वहीच्या भरोशावरच काल सांजीले जागा आखली. शनिवारी ग्रामसभेत वही अन् जागा दोन्ही मंजूर करून घेतो."

"माह्यी चूक झाली बापा."

"सही झाल्यावर?" तो हसला. "चहा घ्या, काकी. गवताचं कायले टेन्शन घेता?"

त्यांनी निकिताला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, पुस्तकात तिला काही धोका नाही. देशभर सापडते ती."

"देशात असंल वं माय. आपल्या गावात चौदा हायेत."

शनिवारपर्यंत मैनाबाईंना धड झोप नव्हती. सगळ्यांसमोर चूक कबूल केली तर उद्या कोण आपल्याला पाला विचारायला येईल? आणि गप्प बसलो तर?

ग्रामसभेला निकिताही आली होती. उत्तमसिंगने ठराव वाचला, "सदर जागेवर दुर्मिळ असं काही नाही." मैनाबाई उभ्या राहिल्या.

"इष्णुक्रांता मुबलक नाई. चौदा झाडं हायेत, अन् तेबी त्याच जागी."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी चळली." हशा झाला. त्यांचा धाकटा दीर विठ्ठलराव ओरडला, "वयनी, चौदा झुडपांसाठी गावानं सोयाबीन डांबरी रोडवरच वाळवावं का?"

"खळं पायजेच, भाऊजी. मलेबी पायजे. चाळीस हात वर सरका, गाजरगवतात बांधा."

"काकी," उत्तमसिंग आता हसत नव्हता, "एक नोंद चुकली म्हनता, तं बाकीच्या एक्केचाळीसचा काय भरोसा?"

हाच प्रश्न येणार हे त्यांना चार दिवस माहीत होतं. निकिता मान खाली घालून बसली होती. तिची सगळी मेहनत त्या वहीत होती.

"भरोसा नाई," मैनाबाई म्हणाल्या. "सारं घरात बसून सांगतलं. जे नवी सून असतानी पाह्यलं, तेच आताबी हाय असं धरून चालली मी."

ग्रामसेवकाने घसा खाकरून सांगितलं की अशी वही मंजूर करता येणार नाही, आणि जागेचा ठराव वहीवर असल्याने तोही पुढच्या सभेवर जाईल.

"पंधरा दिवस, काकी," उत्तमसिंग उठत म्हणाला. "त्याच्यापुढं जेसीबीवाला थांबनार नाई."

सोमवारी सकाळी निकिता कोरी वही घेऊन दारात हजर. रुसलेली होती, पण आली होती.

"पहिलं नाव कळलावी," ती म्हणाली. "कुठे असते, आजी?"

नाल्याकाठचं कुंपण, त्यावर चढलेली ज्वाळांसारखी लालपिवळी फुलं मैनाबाईंना डोळ्यांपुढे लख्ख दिसली. पण दोन वर्षांपूर्वी नाला खोल केला तेव्हा काठ मशीनने खरवडून काढला, असंही त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चपला पायात घातल्या, काठी घेतली.

"चाल," त्या म्हणाल्या, "आधी पाहू."